मागच्या ओळीतल्या देसलेबाई

मी एका नऊ वर्षांच्या मुलीशी खोटं बोललो आहे. शिक्षकाच्या नोकरीत बारीकसारीक खोटं पुष्कळ बोललं जातं, पण हे मी नीट तयारी करून बोललो. तिच्यासमोर उकिडवा बसलो, तोंड उजेडाकडे केलं, ओठ सावकाश हलवले आणि म्हणालो, "उद्या शाळेला सुट्टी." त्या मुलीला, सुमनला, ऐकू येत नव्हतं. ओठांवरून बोलणं ओळखायला ती नुकती कुठे शिकली होती. तिच्याशी कसं बोलायचं हे मलाही कुणीतरी मोठ्या मेहनतीने शिकवलं होतं. त्या शिकवणाऱ्या देसलेबाई. ही हकीकत त्यांची आहे. माझी चूक तिच्यात मधेच येते, तेव्हा लपवायला जागा मिळू नये म्हणून ती आधीच सांगून टाकली.

मी मूळचा जळगावकडचा. नव्वदीच्या सुरुवातीला नोकरी लागली ती शहापूर तालुक्यात, उंबरमाळीच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका पाड्यावर. एकशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी एकाच खोलीत, चार कोपऱ्यांत चार वर्ग. सुमन दुसरीत होती. निदान हजेरीपटावर तरी. ती रोज यायची, भिंतीला टेकून बसायची आणि पाटीवर खेकडे काढायची. मी हाक मारली की बघायची नाही. तिची आई म्हणाली होती, "तिला नाय कळत कायपण, गुरजी. बसू द्या. घरी बसून तरी काय करल?" मीही ते मान्य करून टाकलं होतं.

त्याच सुमारास अपंग मुलांना त्यांच्या गावातल्याच शाळेत शिकवायची एक योजना आमच्याकडे आली. तिच्यात फिरत्या शिक्षिका नेमल्या होत्या. एकेकीकडे आठ-दहा शाळा. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत एसटीने आणि एसटी थांबेल तिथून पुढे पायी. आमच्या वाट्याला देसलेबाई आल्या.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मला पत्ताच लागला नाही. मी फळ्यावर बेरजा लिहीत होतो आणि लिहिता लिहिता समजावत होतो. वळलो तर मागच्या ओळीत मुलांबरोबर जमिनीवर एक चाळिशीची बाई पाय पसरून बसलेली. पायाला धूळ, शेजारी फुगलेली कापडी पिशवी, आणि एका मुलीची पाटी घेऊन स्वतःला वारा घालणं चाललेलं.

"चालू द्या, गुरुजी, चालू द्या," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. पुढच्या इतक्या वर्षांत मी त्यांना एकाही शाळेत खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. "खुर्चीवरनं पोरांचे भांग दिसतात," असं त्या म्हणायच्या, "तोंडं नाय दिसत."

मधल्या सुट्टीत मी भीत भीत विचारलं, "कसं वाटलं, बाई?"

"पाठ चांगली हाय तुमची. रुंद हाय. अर्धा तास तीच बघत व्हते मी. ती भिंतीकडची पोर दोन वर्सं तीच बघते."

"तिला काही कळत नाही, बाई. मतिमंद आहे ती."

"कोन बोलला?"

ते मीच बोललो होतो, तालुक्याला पाठवलेल्या माहितीच्या तक्त्यात. देसलेबाईंनी पिशवीतून एक डबी काढली. त्यात चिंचोके होते. सुमनच्या मागे जाऊन त्यांनी ती कानाशी खुळखुळवली. सुमन हलली नाही. मग तिच्यासमोर बसून त्यांनी पाच चिंचोके मांडले, दोन मुठीत लपवले आणि भुवया वर केल्या. सुमनने लगेच दोन बोटं दाखवली. बाईंनी दहा मांडून सात लपवले. सुमनने सात बोटं दाखवली आणि खुद्कन हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"तक्ता नवा भरा, गुरुजी," बाई म्हणाल्या. "पेनाने."

त्यांची स्वतःची एक जाड वही होती. सरकारी नमुन्यात मुलाच्या उणिवा लिहायला मोठा रकाना असायचा. बाई तो एका शब्दात भरायच्या आणि आपल्या वहीत मात्र मुलाला काय येतं तेवढंच लिहायच्या. सुमनच्या पानावर लिहिलं होतं: 'वजाबाकी येते. खेकडे पकडते. शेळ्या ओळखते, प्रत्येकीला वेगळी हाक. भांडते (चांगलं).' ते कंसातलं 'चांगलं' वाचून मी हसलो, तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "भांडनारं पोर शिकतंच. गप पोराची भीती वाटते मला."

वहीच्या बाबतीत एवढ्या दक्ष असलेल्या बाई दैनंदिनीच्या बाबतीत अगदी आळशी. कुठल्या दिवशी कुठल्या शाळेत गेलो याची रोज नोंद करायची असते. त्या ती शनिवारी शहापूरच्या एसटी स्टँडवर बसून एकदम आठवड्याची करायच्या. आठवत काहीच नसे. मग येणाऱ्या जाणाऱ्या कंडक्टरला विचारायचं.

"अरे, मंगळवारी मी कुठं उतरले व्हते रे?"

"किन्हवलीच्या गाडीत होता बाई तुम्ही. फाट्यावर उतरलात. माझ्याकडून शेंगा घेतल्यात, त्यापण दिल्या नाय परत."

"शेंगा नको लिवायला," असं म्हणत बाई मंगळवार भरून टाकायच्या.

आता माझ्या मिशीची गोष्ट. मी तेव्हा ओठ झाकणारी भरघोस मिशी ठेवत असे. आमच्या घराण्यात सगळ्यांना होती. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाई सुमनशेजारी बसून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, रागवू नका. तुमच्या तोंडाला पडदा हाय."

"म्हणजे?"

"तिला ओठ दिसाय पायजेत. तुमचे ओठ कुठं हायत त्ये मलापन अजून सापडलं नाय."

मुलं हसली. मी चिडलो. मिशी हा माझा खाजगी प्रश्न आहे असं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मिशी तुमची, गुरुजी. शाळा तिची." आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी शहापूरला न्हाव्याकडे गेलो आणि वरचा ओठ मोकळा करून आलो. बायको दार उघडून आत निघून गेली, हसू आवरायला. दुसऱ्या दिवशी सुमन माझ्या समोर येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि मी "सुमन" म्हणालो तेव्हा तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तिचं नाव तिला पहिल्यांदा माझ्या तोंडावर दिसलं. त्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून एक शब्द बोललो नाही.

तिसरीत गेल्यावर तिला कानाचं मशीन मिळालं. तेव्हाचं ते मशीन म्हणजे गळ्यात अडकवायची एक डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. त्याने तिला शब्द कळत नसत, पण आवाज झाला हे कळायचं, हाक कळायची. बाईंनी ते ठाण्याहून स्वतः आणलं, लावून दिलं आणि आठवड्याने बघायला आल्या तर सुमनच्या गळ्यात काहीच नाही. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. मशीन देवाच्या फळीवर होतं. स्वच्छ फडक्यावर ठेवलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. एवढी मोलाची वस्तू शेळ्यांमागे फिरणाऱ्या पोरीच्या गळ्यात घालायची हे तिच्या आईला काही पटलं नव्हतं.

मी ओरडणार होतो. बाईंनी माझा हात दाबला. त्यांनी आधी देवाला नमस्कार केला, मग पदराच्या टोकाने मशीनची हळद हळूहळू पुसत म्हणाल्या, "बाय, देवाला चांगलं आयकू येतं. त्याला मशीन नको. हे तिचं हाय."

"फुटलं म्हंजी?"

"फुटलं तर मी हाय ना. शिव्या मला घाल."

शाळेत वेगळंच संकट. मुलं त्याला 'सुमीचा रेडिओ' म्हणायला लागली आणि ती लाजून काढून ठेवू लागली. बाईंनी एक दुपार त्यासाठी खर्च केली. सगळ्या मुलांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला पाळीपाळीने कानाला लावून ऐकू दिलं. शेजारच्या घरचा कोंबडा नेमका तेव्हाच आरवला आणि ज्याच्या कानाला मशीन होतं तो मुलगा दचकून खाली बसला. त्यानंतर सुमनकडे पाड्यातली सर्वांत मानाची वस्तू होती. तिच्याशेजारी बसायला भांडणं होऊ लागली.

बाई आम्हा शिक्षकांनाही असंच शिकवायच्या. मुरबाडला एकदा शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तीन भाषणं झाली होती, सभागृह पेंगुळलं होतं. बाई उठल्या, कापसाचं बंडल काढलं आणि सगळ्यांना कानात बोळे घालायला लावले. मग भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात दहा शब्दांचं शुद्धलेखन घातलं आणि वह्या गोळा केल्या. आमच्या केंद्रप्रमुखांना दहापैकी एक मिळाला. तो शब्दही त्यांनी शेजाऱ्याचा बघून लिहिला होता.

"आता मी काय करू?" बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. "शेरा लिवू का, साहेबांना कळत नाय म्हनून?"

केंद्रप्रमुख दिलदार होते. ते सगळ्यात मोठ्याने हसले. मी मात्र हसता हसता थांबलो. तसा शेरा मी खरोखर लिहिला होता.

इतकं सगळं शिकूनही मी ते केलं.

सुमन तिसरीत असताना तपासणी लागली. आदल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलाला उभं करून पाढा विचारला होता, तो रडला होता आणि शेरेबुकात माझ्याबद्दल दोन ओळी आल्या होत्या. मी जळगावकडे बदलीचा अर्ज केलेला. पुन्हा वाईट शेरा नको होता. सुमनला प्रश्न विचारला आणि ती 'आं?' करत उभी राहिली तर? समजावत कोण बसणार? आमच्याकडे तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेवायची रीत होती. उघड कुणी बोलत नसे, पण करत सगळेच. मी एकाच मुलीला ठेवलं. शाळा सुटताना तिला थांबवलं आणि बोललो, "उद्या शाळेला सुट्टी." तिला पहिल्याच वेळी समजलं. मी इतकं स्वच्छ बोललो होतो की तिने मान डोलावून माझाच शब्द परत म्हणून दाखवला, "सुट्टी", आणि शाबासकीसाठी थांबली. मी शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी धुतलेले गणवेश घालून मुलं अंगणात प्रार्थनेला उभी होती. पाड्याचं पहिलं घर शाळेसमोरच्या चढावर. तिथल्या बांधावर सुमन शेळ्या घेऊन उभी असलेली मला दिसली. ती आमच्याकडे बघत होती. प्रार्थना संपेपर्यंत बघत होती. साहेब आले, वीस मिनिटं बसले, हजेरीपटावर सही केली, चहा घेतला आणि गेले. तिसरीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर सुमन दहा दिवस आली नाही. आली तेव्हा मशीन घातलेलं नव्हतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघेना. मी समोर बसलो की पाटीकडे बघायची. हनुवटी धरून वर केली की डोळे मिटून घ्यायची.

देसलेबाई आल्या, तासभर तिच्याबरोबर बसल्या आणि माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "काय झालं, गुरुजी?"

"ताप आला होता वाटतं मध्ये," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा हे जड, कारण याचा भार बाईंनी उचलला. तापाने ऐकू येणं आणखी कमी झालं असेल म्हणून त्यांनी तिला स्वतःच्या रजेत ठाण्याला नेलं, तपासून आणलं. मशीनची वायर बदलली, सेल बदलले, महिन्याने पुन्हा ठाण्याला नेलं. आणि माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "माझंच कायतरी चुकलं. ओठांवर लई जोर दिला मी. थकवली पोरीला." मी मान खाली घालून ऐकलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

शाळा सोडते की काय अशी पाळी आली होती. तिची आई म्हणायला लागली, "ऱ्हाऊ दे आता, बाय." पण बाई हटल्या नाहीत. आठवड्याला एक खेप होती तिच्या दोन केल्या. शाळेत न येता थेट ओढ्यावर जायच्या, पातळ खोचून सुमनबरोबर खेकडे धरायच्या. एकदा अंगठा सुजवून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बघा, विद्यार्थिनीने शिकवलं, मास्तरनीला जमलं नाय." ओढ्यावर त्या पाड्यातल्या बाकीच्या मुलींनाही नेऊ लागल्या. हळूहळू सुमन त्या मुलींचे ओठ वाचायला लागली. बाईंनी मग वर्गात एक नेम घातला: रोज एक मुलगी सुमनची जोडीदारीण. मी जे बोलेन ते तिने सुमनकडे तोंड करून पुन्हा बोलायचं. त्यांना वाटत होतं आपण नवी पद्धत शोधली. खरं तर माझ्या तोंडावरचा विश्वास उडालेल्या मुलीसाठी त्यांनी नकळत वळसा घालून रस्ता बांधला होता. त्या रस्त्याने सुमन चौथी पास झाली आणि शहापूरच्या हायस्कुलात गेली. माझ्या तोंडाकडे तिने शेवटपर्यंत पाहिलं नाही.

तालुक्याच्या सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. कर्णबधिर मुलीला पाड्यावरच्या शाळेत टिकवणारे शिक्षक म्हणून. देसलेबाई मागच्या ओळीत जमिनीवर बसल्या होत्या. सर्वांत जोराच्या टाळ्या त्यांच्या.

बदली झालीच नाही. मी याच तालुक्यात राहिलो आणि दहा-बारा वर्षांनी केंद्रप्रमुख झालो. अशाच एका प्रशिक्षणात नव्या शिक्षकांना मी सुमनची गोष्ट सांगत होतो. मिशी, मशीन, जोडीदारीण, सगळं. तपासणी वगळून. एका तरुण शिक्षिकेने हात वर केला. "सर, मग मध्येच तिने तुमच्याकडे बघणं का बंद केलं?"

मी म्हणालो, "ताप आला होता." ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मला माझीच भीती वाटली. जेवणाच्या सुट्टीत मी कुणालाही न सांगता स्टँडवर आलो आणि मुरबाडची गाडी पकडली.

बाई निवृत्त होऊन मुरबाडजवळ आपल्या गावी राहत होत्या. ओटीवर बसून सुपात वाल निवडत होत्या. केस सगळे पांढरे, आवाज तसाच. "या, साहेब! खुर्ची नाय हां आमच्याकडं." मी खाली बसलो आणि चहा येण्याआधी सगळं सांगून टाकलं. सुट्टी, बांध, ताप.

त्यांचा हात सुपात थांबला.

"म्हंजी मशीन बरोबर व्हतं?"

"हो."

"आनि माझं शिकवनंपन बरोबर व्हतं."

"हो, बाई."

"दोनदा ठान्याला नेली मी तिला. दोनदा! त्या डॉक्टरशी भांडले, तुमाला तपासता येत नाय म्हनून." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मूर्ख माणसा." गुरुजी नाही, साहेब नाही. मला ते बरं वाटलं.

"माझं चुकलं, बाई. मला माफ करा."

"मला काय सांगता? मी व्हते काय तिसरीत?" त्या उठल्या, आतून पिशवी घेऊन आल्या. "चला. सापगावला दिलीय तिला. तीनची गाडी हाय."

गाडीत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कंडक्टरशी मात्र बोलल्या, त्याच्या मुलीच्या दहावीबद्दल, अर्धा रस्ता. सापगावला उतरल्यावर मला म्हणाल्या, "तिथं रडू नका. रडताना ओठ वाकडे होतात. तिला कळायचं नाय."

सुमन ओटीवर शिवणयंत्रावर बसली होती. शेजारी ब्लाउजांची चळत. बाईंना बघून तिने पाय थांबवला आणि धावत येऊन त्यांना मिठी मारली, दोघी हातवारे करून, हसून, एकमेकींवर रागावून बोलल्या. मग तिने मला पाहिलं. बाईंनी तिच्या खांद्यावर थोपटलं, माझ्याकडे बोट केलं आणि "मी कोंबड्या बघते गो यांच्या" असं म्हणत तिच्या सासूला घेऊन परड्यात निघून गेल्या. जाताना त्यांचा आवाज ऐकू येत होता: ही कोंबडी आजारी हाय, हिला वेगळी ठेवा. त्यानंतर दोनच वर्षांत त्या गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर त्या आजही तशाच आहेत, वाकून दुसऱ्याच्या कोंबडीचे डोळे तपासताना.

मी सुमनसमोर खाली बसलो. तिने बघितलं नाही. मी थांबलो. तिने दोरा तोडला, कापड घडी केलं, आणि मग एकदाची मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सुमन," मी म्हणालो, "त्या दिवशी सुट्टी नव्हती. मी खोटं बोललो. माझं चुकलं."

ती बघत राहिली.

"परत बोला," ती म्हणाली. तिला कळलं नव्हतं की पुन्हा एकदा हवं होतं, ते मी विचारलं नाही. मी परत बोललो.

"सुट्टी नव्हती, सुमन. शाळा होती. मी तुला येऊ दिलं नाही. माझं चुकलं."